दीड ते साडेतीन

सरोजिनीचा कोणावर विश्वास नाही, असं ऐरोलीतल्या त्या सोसायटीत सगळेच म्हणायचे, आणि ते तिच्या कानावरही होतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. तिच्या मते विश्वास ही आळशी माणसांची सोय होती. गॅसवाला आला की ती दारातच ताणकाटा काढून सिलिंडर तोलून घ्यायची. तेलाच्या बरणीवर नेलपॉलिशची बारीक रेघ असायची. कचरावाली बाई दोन दिवस आली नाही, तर "आजारी होते" या उत्तरावर न थांबता काय आजार, कुठला डॉक्टर, गोळ्या कुठल्या रंगाच्या, इथपर्यंत जायची. आणि दहातल्या सात वेळा तिचा संशय खरा निघायचा. सिलिंडरमध्ये दीड किलो गॅस कमी सापडला, तेव्हा तिला नावं ठेवणाऱ्या शेजारणीच तिच्याकडे ताणकाटा मागायला आल्या होत्या.

ती चिपळूणची. वडील पोस्टात, घरात दोघी बहिणी, ही आणि हिच्याहून सहा वर्षांनी धाकटी संध्या. लग्न झालं ते नंदकुमारांशी. नंदकुमार न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे कामाला. कंटेनरच्या दाराचं सील शाबूत आहे का आणि त्यावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का, हे बघण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. घरातही ते तसेच. दोघांचं एकमेकांशी पटलं ते यावरच, असं ऋषी गमतीनं म्हणायचा. ऋषी हा त्यांचा एकुलता एक मुलगा.

दोन वर्षांपूर्वी नंदकुमारांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू सगळं यायचं, समजायचंही सगळं. सुरुवातीचे चार महिने सरोजिनीनं एकटीनं काढले. मग तिची कंबर धरली आणि घरात सखू आली.

सखू दिवा गावातली. पन्नाशीची, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. तिच्या सासरच्यांची मिठागरं होती. मिठागरं गेली, मग ती दवाखान्यात आयाचं काम शिकली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ती नंदकुमारांच्या खोलीत असायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांना कूस बदलून द्यायची, पुसून काढायची, भरवायची आणि सगळा वेळ त्यांच्याशी बोलायची.

"बाबा, आज खाडीवर बोंबील सुकत घातलेत आमच्याकरं. वास येतो का इथपरत? नाय? मंग नाक बी बिघडलं तुमचं."

नंदकुमारांचा डावा गाल हलायचा. ते हसत होते असं सखूचं म्हणणं. सरोजिनीला तीही खात्री नव्हती.

सखूचं आल्यापासून काही वावगं सापडलं नव्हतं. सरोजिनीला नेमकी हीच गोष्ट खटकत होती.

जूनच्या सुरुवातीला ऋषीनं ऑफिसातून तो डबा आणला. ऋषीचं ऑफिस ऐरोलीतच, आयटी पार्कात. डबा म्हणजे दिसायला वायफायचाच, फक्त थोडा जाड. त्यानं तो नंदकुमारांच्या खोलीत, पुस्तकांच्या फळीवर बसवला.

"ह्याच्यात कॅमेरा आहे," सरोजिनी म्हणाली.

"नाहीये गं आई. बघ ना, काच कुठे आहे? हे नेट पण देतं आणि खोलीत कोण हलतंय ते पण ओळखतं. एकाच लाटेनं. लाट निघते, भिंतीवर, पलंगावर, माणसावर आपटते, परत येते. परत येताना किती बदलली त्यावरून कळतं. बाबांना रात्री काही झालं, कोणी पडलं, तर फोनवर लगेच येईल. अजून बाजारात आलं नाही, आम्ही घरोघरी ट्रायल घेतोय."

"म्हणजे आमच्यावर ट्रायल."

"बाबांच्या काळजीनं आणलंय."

"ते तू सांगतोस."

पहिल्याच आठवड्यात सुनेचं आणि डब्याचं वाजलं. क्षिप्रा सोमवारी आणि शुक्रवारी घरून काम करायची. तिच्या मीटिंगमध्ये चेहरे गोठायला लागले. साहेबानं तिला चारचौघांत ऐकवलं. रात्री जेवताना ती ताटावरच बसून म्हणाली, "ऋषी, एक तर मला नेट दे, नाही तर तुझं ते जादूचं खोकं परत ने."

"दोन्ही पूर्ण मिळत नाही ना," ऋषी म्हणाला. "लाट एकच. तिनं बोलायचं की चाचपायचं? जेवढा वेळ चाचपण्यात जातो तेवढा बोलण्यातून कापला जातो."

"फोनवर बोलता बोलता दुधाकडे बघण्यासारखं," सरोजिनी म्हणाली. "दूध उतू जातं."

"एकदम बरोबर! आम्ही सहा महिने ह्याच्यावरच डोकं फोडतोय."

त्या रात्री त्यानं डब्याची मांडणी बदलली. आता बोलणं आधी, बघणं नंतर. क्षिप्राचे चेहरे हलायला लागले. ऋषीनं सरोजिनीच्या फोनवर एक पट्टी टाकून दिली. खोलीत हालचाल असली की हिरवी, नसली की पांढरी. रोज रात्री ती तिचं हिरवं टोक तेवढं बघायची आणि झोपायची; पट्टी मागे सरकवून आख्खा दिवस बघता येतो हे तिला ठाऊक नव्हतं. संशय घ्यायला तिला आयतं यंत्र मिळालं होतं, आणि त्यामुळे तिचा यंत्रावरचा संशय जरा निवला होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी, सखू घरी गेल्यावर, ऋषी फोन घेऊन स्वयंपाकघरात आला.

"आई, हे बघ. दीड ते साडेतीन. कोरं. आज, गेल्या आठवड्यात, त्याच्या आधी. रोज."

सरोजिनीनं चष्मा लावला. सकाळपासून हिरवी असलेली पट्टी दीडला तुटत होती आणि साडेतीनला परत सुरू होत होती, एखाद्याच्या दोन दाढा पडाव्यात तशी.

"क्षिप्रा कॉलवर असली की थोडं सुटतं," ऋषी म्हणाला. "म्हणून सोमवार-शुक्रवार मी धरलेच नाहीत. पण मंगळ, बुध, गुरू? तेव्हा आम्ही दोघंही ऑफिसला. नेट कोणी वापरतच नाही. म्हणजे सखूमावशी बाबांना टाकून जाते कुठे तरी. तू झोपतेसच ना दुपारी?"

सरोजिनीनं ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, परत उलगडलं.

"झोपते," ती म्हणाली.

ती झोपत नव्हती. दीड वाजता ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, फोन पिठाच्या डब्याला टेकवायची, कानात इयरफोनची बोंडं घालायची आणि चिपळूणला संध्याला लावायची. व्हिडिओवर. दोघी फारसं बोलायच्याही नाहीत. इकडे ही गवार मोडायची, तिकडे ती मेथी निवडायची. "ताई, ती शेंग किडकी आहे बघ, उजव्या हाताची," असं संध्या मध्येच म्हणायची. लहानपणी ओटीवर बसून दोघी जशा पावटे सोलायच्या तशा. गेल्या फेब्रुवारीपासून हे रोज चाललं होतं.

आणि त्या घरात संध्याचं नाव काढायला बंदी होती. अकरा वर्षांपूर्वी नंदकुमारांच्या आईच्या तेराव्याला सगळे जेवायला बसलेले असताना संध्या बोलून गेली होती, "भाऊजी, रडताय आता. आठ महिने त्या माउलीच्या खोलीत पाऊल टाकलं नाहीत. माझ्या बहिणीनं काढलं सगळं." नंदकुमार पानावरून उठले आणि म्हणाले, "ही बाई या घरात नको. फोनवर नको, बोलण्यात नको." सरोजिनीनं तेव्हा मान हलवली होती. संध्या खोटं बोलली नव्हती, पण मान हलवली होती. आणि आता नंदकुमार स्वतः त्याच खोलीत पडून होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि उलट बोलता येत नव्हतं. अशा माणसाच्या पाठीमागे त्याचा शब्द मोडायचा म्हणजे झोपलेल्याच्या उशाखालून किल्ली काढण्यासारखं, असं तिचं तिलाच वाटायचं. तरी दीड वाजला की दार लोटलं जायचं.

त्या मंगळवारी रात्री तिच्या डोक्यात फक्त सखू होती. आपण स्वयंपाकघरात, कानात बोंडं, पाठ दाराकडे. ही बाई खुशाल बाहेर पडत असणार. शेजारच्या बिल्डिंगमध्ये दुसरं काम धरलंय की काय? की जिन्यात बसून मोबाइल?

बुधवारी सकाळी ऋषीनं ऑफिसला जाताना सखूला सहज विचारल्यासारखं विचारलं. सरोजिनी आत कान देऊन होती.

"मावशी, दुपारी तुम्ही आमचं नेट वापरता का हो?"

"माजा फोन साधा हाय, दादा. बटनांचा."

"आणि आई? ती झोपते ना?"

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सखू म्हणाली, "झोपतात की. दमतात त्या."

सरोजिनीला बरं वाटलं. म्हणजे हिला ठाऊक नाही.

त्या दुपारी तिनं संध्याला 'आज नाही' असा निरोप टाकला. नंदकुमारांच्या खोलीच्या उंबऱ्यावर तिनं टाल्कम पावडरीचा हलका हात फिरवला, पावलं उमटावीत म्हणून, आणि हॉलमधल्या पडद्याआड खुर्ची टाकून बसली. पावणेदोनला सखू दारात आली, खाली बघितलं, आत गेली आणि ओलं फडकं घेऊन उंबरा पुसायला लागली.

"काकी!" तिनं पडद्याकडे बघून हाक मारली. "पावडर सांडलीवती. पुसली मी. बाबांची चाकाची खुर्ची घसरली असती."

पुढचे दोन तास सखू खोलीतून हलली नाही. रात्री पट्टी बघितली तर अखंड हिरवी. सरोजिनीनं मनात गाठ बांधली: पडद्याआडची खुर्ची हिला दिसली होती. नजर आहे हे कळलं, म्हणून आज बसून राहिली. आणि पुरावा पुसलान, तोही माझ्यादेखत.

"शनिवारपर्यंत बघू," ऋषी म्हणाला. "नाही, कशाला बघायचं? मी एजन्सीशी बोललोय. सोमवारपासून दुसरी बाई येईल. सखूमावशीला शुक्रवारी सांगतो."

गुरुवारी सरोजिनीनं परत दार लोटलं, फोन टेकवला. वालाच्या शेंगा सोलता सोलता तिनं सगळं संध्याला सांगितलं.

"तिला काढू नका गं उगीच," संध्या म्हणाली.

"तू कशी ओळखतेस तिला?"

"अगं, रोज दिसते की. तुझ्या मागून येते, माठातलं पाणी नेते. कधी भांडं ठेवायला येते. तुला कानातल्यामुळे कळत नाही. परवा तर मला हात केला तिनं."

सरोजिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कधी येते?"

"दोनला, अडीचला. मला वाटलं तूच सांगितलंस तिला माझ्याबद्दल."

म्हणजे सखूला ठाऊक होतं. आणि तरी तिनं ऋषीला तोंडावर सांगितलं, झोपतात. का? हाच प्रश्न सरोजिनीला पहिल्यांदा पडला, आणि तो तिच्या जन्माच्या सवयीनं पडला. फुकट कोण कोणासाठी खोटं बोलतं? हिला पुढे काय हवंय? पगार वाढवून? की वेळ आली की हेच काढून दाखवायचंय?

मग दुसरा प्रश्न पडला, आणि तो पहिल्यापेक्षा जड होता. सखू दोनला पाणी न्यायला येत असेल, तर ती घरात होती. घरात होती, तर पट्टी कोरी कशी?

"संध्या, तू फोन ठेवू नकोस. नुसती बसून रहा," ती म्हणाली. कानातली बोंडं काढून ती अनवाणी बाहेर आली.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. सखूनं नंदकुमारांना डाव्या कुशीवर घेतलं होतं आणि पाठीला कोमट पाण्याचं फडकं फिरवत होती. पलंग करकरत होता, बादलीत पाणी खळखळत होतं, सखूचा हात खांद्यापासून कंबरेपर्यंत जात-येत होता. सखूनं वर बघितलं.

"काय झालं, काकी? बहीन बोलवते का?"

दारातच उभ्या उभ्या सरोजिनीनं हॉलमधल्या घड्याळाकडे बघितलं, दोन वाजून बारा मिनिटं. पूर्ण दहा मिनिटं ती तिथे उभी राहिली. नंदकुमारांचं तोंड भिंतीकडे होतं. 'बहीन' हा शब्द त्यांनी ऐकला होता. त्यांचा कान लाल दिसला, की तो नेहमीच तसा असायचा, हे तिला आठवेना.

रात्री तिनं पट्टी उघडली. दोन वाजून बारा: पांढरं. दोन वाजून वीस: पांढरं.

डबा खोटं बोलत होता असंही नाही. तो तिच्या आणि संध्याच्या शेंगा पोचवण्यात गुंतला होता, त्यानं खोलीकडे बघितलंच नव्हतं. पण 'बघितलं नाही' असं लिहायला त्याच्याकडे रंगच नव्हता. न बघितलेलंही पांढरं आणि न घडलेलंही पांढरं. सरोजिनीला त्याचा राग आला. मग तिला स्वतःचा मंगळवारचा 'झोपते' आठवला, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

गप्प बसणं सोपं होतं. सोमवारी नवी बाई येईल. दीड ते साडेतीन पट्टी परत कोरी दिसेल, तिलाही काढतील. किंवा आपण कॉल बंद करायचे, की पट्टी आपोआप हिरवी होईल आणि सखूच चोर होती हे कायमचं सिद्ध होईल.

शुक्रवारी ऋषी दुपारीच घरी आला. क्षिप्रा आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होती. ऋषीनं सखूला नंदकुमारांच्या खोलीबाहेर बोलावलं, आवाज खाली घेतला आणि सुरुवात केली, "मावशी, राग मानू नका. पण दुपारी दोन-दोन तास तुम्ही बाबांना सोडून..."

"कोन बोलतो?"

"हे बघा." त्यानं फोन पुढे केला. "तो डबा आहे ना फळीवर, त्याला खोलीतली हालचाल कळते. हे तुमचे दीड महिने आहेत."

सखूनं फोन हातात घेतला नाही. लांबूनच बघितला.

"दीड महिना ते डबडं माज्यावर नजर ठेवतंय? आनि मना कोनी सांगला नाय?"

"तसं नाही, बाबांसाठीच..."

"ऋषी," सरोजिनी म्हणाली. ती खोलीच्या दारात उभी होती, मुद्दाम, आतल्या पलंगावर ऐकू जाईल अशा ठिकाणी. "ती कुठेही जात नव्हती. दुपारी नेट मी वापरते. व्हिडिओवर असते मी, दीड ते साडेतीन. तुझ्या डब्याला तेव्हा बघायला सवड नसते."

"तू? तू तर झोपतेस."

"खोटं बोलले."

"कोणाशी बोलतेस एवढं?"

तिच्या पाठीमागे पलंग करकरला. ती वळली नाही. वळली असती तर बोलता आलं नसतं.

"संध्याशी."

ऋषीनं आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून आत. आतल्या खोलीतून क्षिप्राचा इंग्रजी आवाज तेवढा येत होता, गोड आणि घाईचा.

"सखू, तुला ठाऊक होतं," सरोजिनी म्हणाली. "मग परवा ह्याला का नाही सांगितलंस? काय हवं होतं तुला?"

सखूनं पदर खोचला. तिचा आवाज चढला नाही, पण शब्द एकेक करून आले.

"मना काय पायजे असनार, काकी? बहिनीशी बोलन्यात चोरी कसली? पन तुमी दार लोटून, कानात घालून बोलता, म्हंजे लपवायचा हाय. तुमचा लपवायचा, तं मी कशाला उघडा करू? तुमी पावडर टाकली ती बी 'सांडली' असा बोलूनच पुसली मी." ती ऋषीकडे वळली. "दादा, नजर ठेवायची तं काकींच्या डोल्यांनी ठेवा. ती नजर मना समजते, काकी पडद्यामागं बसतात तं त्यांचे पाय दिसतात. ते डबडं चालू हाय तवर मी बाबांना हात लावनार नाय. आनि आता त्यांची कूस बदलायची येल झाली हाय."

"मावशी, मी सेटिंग बदलतो," ऋषी घाईनं म्हणाला. "बघणं आधी करतो, मग असं कोरं येणार नाही. आईचा कॉल जरा अडकेल, पण..."

"कोणाचा काही अडकायला नको," सरोजिनी म्हणाली. ती आत गेली, फळीपाशी पोचली आणि भिंतीतला प्लग ओढून काढला. डब्यावरचा निळा दिवा गेला.

पलीकडून क्षिप्राचा आवाज मध्येच तुटला. मग खुर्ची सरकली. "ऋषी! नेट गेलं का? अरे, माझं प्रेझेंटेशन चालू आहे!"

ऋषी तिकडे धावला. सखू आत आली, हात धुतले, आणि नंदकुमारांना सावकाश कुशीवरून उताणं केलं. त्यांचे डोळे उघडे होते आणि सरळ सरोजिनीकडे लागले होते. ती पलंगाच्या कडेला बसली.

"ऐकलंत ना सगळं?" ती म्हणाली. "फेब्रुवारीपासून चाललंय. आता इथेच बसून बोलणार मी. तुम्हाला ऐकावं लागेल. ती काही वाईट बोलत नाही, भाजीचंच बोलतो आम्ही."

तिनं त्यांचा डावा हात हातात घेतला. तो हात चांगला चालायचा. औषध नको असलं की ते तो असा झटकायचे की चमचा भिंतीवर जायचा. आता तो हलला नाही. त्यांनी तिचा हात दाबलाही नाही, आपला सोडवूनही घेतला नाही. नंदकुमारांनी डोळे मिटून घेतले.

सरोजिनी बराच वेळ त्यांच्या पापण्यांकडे बघत राहिली.

"सखू," तिनं हळूच विचारलं, "झोपलेत की सोंग आहे गं?"

"मना काय म्हाईत," सखू बादली उचलता उचलता म्हणाली. "बसा नि बघा तुमीच."